मालिका संपते कुठे?

चि. सानिकास,

तुझं पत्र मिळालं. ‘व्हील ऑफ टाइम’चा नववा खंड संपवलास, आता पुढे वाचवत नाही आणि इतकं वाचल्यावर सोडवतही नाही, असं लिहिलं आहेस. खुशाल सोड. वाचलं ते वाया जात नाही. रॉबर्ट जॉर्डनचे पहिले चार-पाच खंड मलाही मनापासून आवडतात. त्याच्या जगात जादू येणारे पुरुष हळूहळू वेडे होत जातात. म्हणजे नायक जितका समर्थ होणार, तितका तो स्वतःला आणि जवळच्या माणसांना घातक होणार. या एका कल्पनेवर ते खंड तरतात. पुढे माणसं वाढत गेली, गावं वाढत गेली, आणि दहाव्या खंडात तर नवव्याच्या शेवटी घडलेल्या एका मोठ्या घटनेबद्दल कोणाला काय वाटलं हेच बराच वेळ चालतं. पाणी घालून वाढवलेलं ते. शेवट कळायलाच हवा असेल तर दहावा वगळ आणि थेट अकरावा घे. जॉर्डनने पूर्ण केलेला तो शेवटचा खंड. 2007 मध्ये तो गेला आणि त्याच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसनने आणखी तीन खंड लिहून 2013 मध्ये गोष्ट तडीस नेली.

पण तुझ्या पत्रातलं दुसरं एक वाक्य मला जास्त खटकलं. अर्सुला ल ग्विनची अर्थसीची पुस्तकं ‘बारकी, लहान मुलांची’ आहेत, आणि मोठं जग हवं असेल तर जाड मालिकाच वाचायला हव्यात, असं तू म्हणतेस. हे मला अजिबात मान्य नाही.

मालिकेला इतकी पानं लागतात कशासाठी? युद्ध एका खंडातही संपवता येतं. युद्धानंतर माणसांचं काय झालं हे दाखवायला मात्र सावकाशी लागते. हे आपल्याला कोणी शिकवायला नको. महाभारताची अठरा पर्वं, त्यातलं युद्ध सौप्तिक पर्वापाशी, म्हणजे दहाव्यात आटोपतं. उरलेल्या आठांत रडणाऱ्या बायका आहेत, राज्य नकोसं झालेला युधिष्ठिर आहे, आपसात लढून मेलेले यादव आहेत. टोल्किनला हे नेमकं कळलं होतं. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही खरं तर एकच कादंबरी. 1954-55 मध्ये ती तीन खंडांत निघाली त्याला कागदाची महागाईही कारण होती. तिच्यात अंगठी नष्ट झाल्यावरही गोष्ट थांबत नाही. चौघे हॉबिट घरी येतात तर गावातली झाडं तोडलेली, घरं पाडलेली, गुंडांचं राज्य. सिनेमात हा भाग नाहीच, म्हणून तू तो पुस्तकातून वाचच. सॅम भेट मिळालेली माती चिमूट चिमूट टाकत रोपं लावत हिंडतो. फ्रोडोची जखम मात्र दर वर्षी त्याच तारखेला ठणकते आणि ज्या गावासाठी सगळं केलं तिथे त्याला राहवत नाही.

ल ग्विनने याच्याही पुढे मजल मारली. 1968 ते 1972 या काळात तिने अर्थसीची तीन पुस्तकं लिहिली. शेळ्या राखणारा गर्विष्ठ पोर गेड महान जादूगार होतो, आणि तिसऱ्याच्या शेवटी जगाला वाचवताना आपली सगळी शक्ती गमावून बसतो. (तो तांबूस तपकिरी कातडीचा आहे, हे लेखिकेने स्वच्छ लिहिलं असूनही कितीतरी मुखपृष्ठांवर त्याला गोरा रंगवलं. याचा मला अजून राग येतो.) इथे कोणीही थांबला असता. तिने अठरा वर्षांनी, 1990 मध्ये, ‘तेहानू’ लिहिलं.

त्यात गेड जादूविना परततो, राजाची माणसं शोधत येतात तेव्हा लाजेने लपतो आणि पुन्हा डोंगरावर शेळ्यांमागे जातो. गोष्ट मुळात त्याची नाहीच. ती टेनारची आहे, ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’मध्ये अंधाऱ्या भुयारांची पुजारीण असलेल्या मुलीची. आता ती शेतावर राहणारी मध्यमवयीन विधवा आहे आणि स्वतःच्याच माणसांनी आगीत लोटलेल्या एका मुलीला सांभाळते आहे. तिचा तरणाताठा मुलगा घरी येतो, जेवतो आणि आपलं ताट उचलायला नकार देतो, का तर ते बायकांचं काम. ड्रॅगनांच्या गोष्टीतला हा प्रसंग मला कुठल्याही लढाईपेक्षा जास्त लागतो. पहिल्या पुस्तकात जादूच्या शाळेत मुलींना प्रवेश नव्हता आणि बायकांची जादू हलकी मानली जायची. आपणच रचलेल्या त्या व्यवस्थेला लेखिकेने इथे उभं-आडवं तपासलं. पुष्कळ वाचकांना ते रुचलं नाही. मला मात्र मालिका लिहिण्याचं खरं कारण यातच दिसतं: लेखिकेचं वय वाढलं, तिची समज वाढली आणि तिचं जगही सोबत वाढलं. 2001 च्या ‘दि अदर विंड’मध्ये गेड म्हातारा झालेला आहे, पाहुणा दारात येतो तेव्हा तो झाडावरची आलुबुखार तोडत असतो.

लेखक मार्टिनच्या अपूर्ण राहिलेल्या मालिकेबद्दलही विचारलं आहेस. पाच खंड झालेत, पाचवा 2011 चा, सहाव्याचा पत्ता नाही. तरी वाच. त्यातल्या नेड स्टार्कचा प्रामाणिकपणा त्याला कुठे नेतो ते समजायला पुढच्या खंडाची गरज नाही.

तू स्वतः लिहू लागली आहेस, नकाशा काढून झाला आहे, जादूचे नियमही ठरले आहेत, हे वाचून फार बरं वाटलं. आता एक कर. तुझी नायिका जिंकल्यावर दहा वर्षांनी काय करत असेल, कोणाबरोबर राहत असेल, तिचं काय दुखत असेल, ते दोन पानं लिहून काढ. कादंबरीत ती पानं आली नाहीत तरी चालतील. आणि अर्थसीची पुस्तकं क्रमानेच वाच, एकदम ‘तेहानू’ उघडू नकोस. वाचून झालं की पत्र टाक. पटलं नाही तर का पटलं नाही ते सविस्तर लिही.

तुझी,
आत्या