निघाल्याची तारीख

लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीचे नाव माहेरच्या रेशनकार्डातून कमी करायचे, तसा दाखला घ्यायचा आणि मग ते सासरच्या कार्डावर चढवायचे, ही रीत आपल्याकडे घराघरात ठाऊक आहे. त्यामुळे जर्मनीतली पत्त्याची नोंदणी मराठी माणसाला परकी वाटू नये. पण तिथे एक गंमत आहे. म्युनिकहून स्टुटगार्टला घर बदलले, तर आधीच्या गावात जाऊन नाव कमी करावे लागत नाही. नव्या गावी अनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद केली, की तिथले कार्यालय जुन्या कार्यालयाला परस्पर कळवते. चार-सहा वर्षांत दोन-तीन घरे बदललेल्या माणसाच्या डोक्यात मग पक्के बसते, की नाव आपोआप कमी होते. देश सोडताना हीच सवय घात करते. पुण्यात किंवा नाशिकमध्ये जर्मन कार्यालयाला कळवणारे कोणी बसलेले नसते. ते काम, म्हणजे अबमेल्डुंग, ज्याचे त्यालाच करावे लागते.

कायदा सरळ आहे. 1 नोव्हेंबर 2015 पासून लागू असलेल्या संघीय नोंदणी कायद्यानुसार घर सोडल्यावर जर्मनीत दुसरे घर घेतले नसेल, तर दोन आठवड्यांत नाव कमी करायचे. घर सोडण्याच्या एक आठवडा आधीपासून हे करता येते. त्याहून आधी गेलात तर परत पाठवतात. न केल्यास 1,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो. या आकड्याचीच चर्चा जास्त होते आणि मला ती चुकीच्या जागी वाटते. दंडापेक्षा महत्त्वाची आहे ती तारीख. तुम्ही नाव कमी केले नाही, तरी कधीतरी घरमालकाकडून, नव्या भाडेकरूकडून किंवा परत आलेल्या टपालावरून कार्यालयाला सुगावा लागतो आणि ते स्वतःहून तुमचे नाव काढते. मग नोंदीत राहते ती त्यांना ठाऊक झालेली तारीख आणि तुम्ही ‘कुठे गेला ते माहीत नाही’ असा शेरा. खरा निघाल्याचा दिवस कुठेच उरत नाही आणि पुढची निम्मी भांडणे नेमकी त्या दिवसावरून असतात.

उदाहरण आकाशवाणी-दूरदर्शनच्या वर्गणीचे घ्या. ही वर्गणी माणशी नसून घरटी असते आणि ऑगस्ट 2021 मध्ये ती महिना 18.36 युरो ठरली. अबमेल्डुंग केल्याने ती थांबत नाही, वर्गणी गोळा करणाऱ्या बाइट्राग्स-सर्विसला वेगळे कळवावे लागते. नियमाची मेख अशी, की घर सोडले त्या महिन्याच्या अखेरीस ती संपते खरी, पण कळवले त्या महिन्याच्या अखेरीआधी कधीच नाही. मार्चअखेर घर सोडून सप्टेंबरात कळवले, तर एप्रिल ते सप्टेंबरचे 110.16 युरो न वापरलेल्या घरापोटी भरायचे. आरोग्य विम्याचे आकडे याहून मोठे. 2013 पासून नियम असा आहे, की नोकरीबरोबर विमा सहसा तुटत नाही, ऐच्छिक सभासदत्व म्हणून पुढे चालू राहतो. देश सोडल्याचा पुरावा क्रांकेनकासेकडे, म्हणजे विमा संस्थेकडे गेला नाही, तर हप्त्यांची मागणी निघण्याचा धोका असतो. आणि ही सगळी पत्रे जातात कुठे? जुन्या पत्त्यावर. न्यायालयामार्फत थकबाकीची नोटीस निघाली, तर हरकत घ्यायला दोन आठवडे मिळतात. हरकत आली नाही, तर वसुलीचा आदेश मिळू शकतो आणि तो तीस वर्षे जिवंत राहतो. आपण तिथे राहतच नव्हतो हे नंतर सिद्ध करता येते, पण हातात तारखेचा कागद असेल तरच ते सोपे जाते.

‘आता परत कोण जातेय तिकडे?’ असे यावर हमखास ऐकू येते. हे गृहीतच कच्चे आहे. भारतात आलेला माणूस पाच वर्षांनी त्याच देशात नोकरी घेतो, मुलाला तिथल्या विद्यापीठात पाठवतो, आणि तेव्हा जुनी थकबाकी व्याजासकट दारात उभी राहते. याच्या उलट टोकाला अबमेल्डुंगच्या कागदाला सर्वरोगहारी समजणारे असतात. तेही खरे नाही. आयकर खाते नोंदणी पाहत नाही, तर राहते घर प्रत्यक्ष तुमच्या ताब्यात आहे का ते पाहते. नाव कमी केले पण सुसज्ज फ्लॅटची किल्ली खिशात ठेवली, तर जागतिक उत्पन्नावर कर लागण्याचा प्रश्न कायम राहतो. व्यायामशाळेचेही तेच. गावच बदलले तरी तेवढ्यावरून करार मधेच मोडता येत नाही, असे तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मे 2016 मध्ये सांगितले आहे. इंटरनेटवाल्याला मात्र सेवा पोहोचत नसेल तिथे गेल्यास महिन्याच्या नोटिशीने करार सोडावा लागतो आणि तो पुरावा म्हणून हाच कागद मागतो. म्हणजे हा कागद सगळी दारे बंद करत नाही. ज्या दारांपाशी ‘कधी गेलात?’ असे विचारतात, तिथे तो चालतो.

खरी दखल घ्यावी अशी हरकत एकच आहे: ‘मला सहा-आठ महिन्यांत परतायचे आहे, मग नाव कशाला कमी करू?’ इथे मी घाई करू नका असेच म्हणेन. साधारण वास्तव्य परवाना सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिल्यास संपतो, ब्लू कार्डला बारा महिन्यांची सवलत आहे. पण कायमचे निघून गेल्याचे दिसले, तर मुदतीची वाट न पाहताही तो संपतो, आणि अबमेल्डुंग हा तसा दिसण्याचा ठळक पुरावा. घर, भाडे आणि नोकरी शाबूत ठेवून आईच्या शस्त्रक्रियेसाठी गावी आलेल्या माणसाने घर सोडलेलेच नसते. त्याने नाव कमी करण्याचे कारण नाही. मात्र घर सोडून, सामान विकून केवळ परवान्याच्या लोभाने मित्राच्या पत्त्यावर नाव लटकवणे ही पळवाट नाही, खोटी नोंद आहे, आणि तिचा भार मित्राच्याही माथी येतो.

ज्यांनी हे न करताच विमान पकडले, त्यांना उशिराही अर्ज करता येतो. अर्जावर सही हवी, तो बहुतेक नगरपालिका टपालाने घेतात, आणि त्यात घर सोडल्याची खरी तारीख लिहायची. सोबत भाडेकरार संपल्याचे पत्र, किल्ल्या परत दिल्याचा सहीचा कागद आणि बोर्डिंग पासची प्रत जोडावी. त्यातही किल्ल्यांचा कागद सर्वांत वजनदार, कारण त्यावर घरमालकाची सही आणि दिवस दोन्ही असतात. पुढच्या पत्त्याच्या रकान्यात भारतातला असा पत्ता द्यावा, जिथे आलेला जर्मन लिफाफा कोणी रद्दीत टाकणार नाही.