चढणीचा मासा



गेल्या मृगांत भंडारा जिल्ह्यांतील एका खेड्यांत उपासनेनिमित्त माझा मुक्काम होता. रात्रीं पहिला मोठा पाऊस झाला, आणि उजाडण्यापूर्वींच निम्मा गांव विजेऱ्या, टोपल्या व काठ्या घेऊन तळ्याच्या सांडव्याकडे धांवला. मासे पाण्याच्या धारेवर उलटे चढून भाताच्या बांध्यांत शिरत होते. घटकाभरांत टोपल्या भरल्या. यजमानीणबाईंनीं मासे चिरले, तेव्हां बहुतेकांचीं पोटें अंड्यांनीं गच्च भरलेलीं होतीं. मीं तो रस्सा आवडीनें खाल्ला, हें कबूल करितों. दुपारीं एक वृद्ध ढीवर भेटावयास आले. ते म्हणाले, “पाळकसाहेब, आज आपण सर्वांनीं पुढल्या वर्षाचा बाजार खाल्ला.”

त्या बाबांच्या म्हणण्याचा अर्थ नीट समजावा म्हणून मीं त्यांच्यापाशीं व इतर जाणत्या लोकांपाशीं पुष्कळ विचारपूस केली. जें कळलें तें येथें मांडीत आहें.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हा तळ्यांचा मुलूख आहे. गोंड राजांच्या अमलांत कोहळी लोकांनीं भातशेतीसाठीं पाळी घालून पाणी अडविलें. पुढें हीं तळीं मालगुजारांकडे गेलीं. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी मोडली व तळीं सरकारच्या ताब्यांत आलीं, म्हणून त्यांस माजी मालगुजारी तलाव, किंवा लाडकें नांव मामा तलाव, असें म्हणतात. लहानमोठे मिळून असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. त्यांत जाळें टाकण्याचें काम पिढ्यान्‌पिढ्या ढिवरांचें. आज त्यांच्या सहकारी संस्था तळीं ठेक्यानें घेतात. गालील समुद्रावरील कोळ्यांच्या गोष्टी आपणां सर्वांस तोंडपाठ आहेत, पण आपल्याच वेशीबाहेरच्या ढिवराची विद्या आपणांस ठाऊक नसते.

आतां तळ्यांतील माशांचे दोन वर्ग ध्यानांत घ्यावे. पहिला वर्ग कटला, रोहू व मृगळ यांचा. कटला वरच्या थरांतील अन्न खातो, रोहू मधल्या व मृगळ तळाच्या. म्हणून तिन्ही एकाच तळ्यांत सुखानें वाढतात व बाजारांत चांगला भाव मिळवितात. परंतु साचलेल्या पाण्यांत ते अंडीं घालीत नाहींत, त्यांस नदीचा वाहता पूर लागतो. पूर्वीं त्यांचें बीज नदींतून धरून आणावें लागे. १९५७ सालीं ओडिशांत डॉ. हिरालाल चौधरी यांनीं माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोंचून त्यांस बांधीव पाण्यांत अंडीं घालावयास लाविलें, आणि तेव्हांपासून बीज केंद्रांत तयार होऊं लागलें. तरी संस्थेला तें दरवर्षीं पैसे मोजून विकत आणावें लागतें. मी कटल्याला दोष देत नाहीं. त्याच्या विक्रीवर कित्येक मुलांच्या शाळेची फी भरली गेली आहे.

दुसरा वर्ग देशी माशांचा: मरळ, शिंगी, मांगूर, शिवडा, टेंगरा व नांवें घेतां येणार नाहींत अशी बारीक मासळी. ह्यांचें बीज कोणी आणून सोडीत नाहीं. पहिल्या पावसाचें पाणी बांध्यांतून व ओहोळांतून तळ्यास मिळालें, कीं ह्यांतील पुष्कळ जाती उथळ पाण्याकडे निघतात व गवताच्या आडोशाला अंडीं घालतात. हाच चढणीचा मासा. गरिबाच्या चुलीवर जी मासळी शिजते ती बहुतेक हीच. ह्या वाटेवर टोपली घेऊन उभे राहणें म्हणजे पेरणीच्या दिवशीं बियाणें दळून खाण्यासारखें आहे.

मरळाची रीत तर पाहण्याजोगी आहे. नरमादी कांठच्या गवतांत थोडी जागा साफ करितात, अंडीं पाण्यावर तरंगतात, आणि आईबाप खालीं पहारा देतात. पिलें निघाल्यावर तीं तांबूस ढगासारखीं घोळक्यानें फिरतात, व कांहीं आठवडे आईबाप त्यांच्या खालून चालतात. हा तांबूस ठिपका दिसला, कीं खालीं मोठा मासा आहे हें पोरालाही कळतें, आणि गळ किंवा भाला तेथेंच पडतो. राखणदार गेला, कीं इतर मासे सारा घोळका फस्त करितात. पक्षीण पिलांवर बसली असतां तिला पिलांसह धरूं नये, असा नियम अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत आहे. मरळीच्या बाबतींत आपण त्याहून वाईट करितों. मोठा मासा घरीं नेतों आणि पिलें कोणाच्याच कामास येत नाहींत.

देशी माशाला कांठ लागतो, हें मुख्य. देवधान, कमळ व पाण्यांतील नाना वनस्पती असलेल्या उथळ कांठावर अंडीं चिकटतात, पिलें लपतात व त्यांचें किडेमुंगीचें अन्न वाढतें. तोच कांठ आज बेशरमानें व्यापिला आहे. ह्या झुडपास गुरें तोंड लावीत नाहींत. कोठें तळ्याचें पोट नांगरून शेत केलेलें आहे. कोठें गवत्या मासा सोडल्यामुळें पाणवनस्पती संपल्या, तर कोठें टिलापियाच्या पिलावळीनें जागा अडविली. थाई मांगूर म्हणून विकतात तो आफ्रिकेचा मासा तर दुसऱ्या माशांस गिळतो. त्याच्या पालनास सरकारची बंदी आहे, आणि आपल्या देशी मांगुराशीं त्याची गल्लत करूं नये.

ह्यावर उपाय झालेले आहेत. भंडारा-गोंदियाकडील कांहीं गांवांत ढीवर स्त्रीपुरुषांनीं उन्हाळ्यांत बेशरम मुळासकट उपटलें, तळ नांगरला व देशी पाणवनस्पती पुन्हा लाविल्या, आणि देशी मासा परत येऊं लागला. चिखलांत वांकून हें काम मुख्यत्वें बायांनीं केलें.

एक नाजुक गोष्ट शेतकरी बंधूंस सांगावयाची आहे. चैत्र-वैशाखांत तुडूम उघडून तळें कोरडें करूं नये. खोल जागीं थोडें पाणी राहूं द्यावें. मरळ, शिंगी व मांगूर हवा घेऊन चिखलांतही तग धरितात, परंतु इतर मासे पाण्यावांचून मरतात. ढीवर हें मागतात तेव्हां पुष्कळ ठिकाणीं भांडण होतें, कारण शेवटच्या पाण्यावर उन्हाळी पीक उभें असतें. त्या गांवीं मंडळींतील दोघां शेतकऱ्यांनीं व त्या बाबांनीं मिळून ग्रामसभेपुढें दोन मागण्या ठेविल्या आहेत: पाळीजवळच्या डोहांत पुरुषभर पाणी राखावें, आणि मृग व आर्द्रा हीं दोन नक्षत्रें सांडव्यावर कोणी मासा धरूं नये. डोहाची मागणी मान्य झाली. दुसरीवर अजून वाद चालूं आहे, व सभा पुन्हा वैशाखांत भरणार आहे.