इंजिन उघडण्यापूर्वी

जुन्या मोटारीच्या इंजिनातून अनोळखी ठोका ऐकू येऊ लागला म्हणजे तो नेमका कोठून उठतो याची खातरजमा झाल्याखेरीज कोणालाही एका नटाला पाना लावू देऊ नये, असे माझे मत या प्रकरणापूर्वीही होते, आणि ज्या गॅरेजवाल्यांनी कलकत्त्यात माझ्या गाडीचे इंजिन माझ्या गैरहजेरीत सुटे करून टेबलावर मांडले, त्यांना ते मी स्पष्ट शब्दांत सांगितलेही होते. त्यांनी ऐकले नाही. मोल मात्र मला मोजावे लागले.

गाडी 1957 सालची एमजीए. ठोका आयडलिंगला स्वच्छ ऐकू येई, इंजिन थंड असो वा गरम. किंचित रेस दिली की तो विरळ होई आणि पुढे नाहीसा होई. कलकत्ता सपाट प्रदेशात वसलेले असल्यामुळे इंजिनावर खरा भार पडतो तो विद्यासागर सेतूच्या चढावरच. तेथेही ठोका वाढत नसे. डॅशबोर्डावरील तेलाच्या दाबाचा काटा पूर्वी जेथे असे तेथेच होता. हा सर्व तपशील मी एका कागदावर लिहून गॅरेजच्या प्रमुख गृहस्थांच्या हाती दिला होता. त्यांनी तो न वाचताच वहीत सारला, बॉनेट न उघडता दाराशी उभे राहून दोन क्षण कान दिला आणि ‘बिग-एंड गेले’ असा निकाल देऊन टाकला. जानेवारीत स्टेट्समनची जुन्या मोटारींची दौड असते, त्यासाठी मला गाडी हवी आहे, हे त्यांना ठाऊक होते. मुदतीची घाई असलेला मालक फार प्रश्न विचारत नाही, असा त्यांचा हिशेब असावा. मी तेव्हा ‘आधी परीक्षा, मग पाहू’ एवढेच बजावून घरच्या कामासाठी नागपूरला गेलो.

परतलो तो क्रँकवरील बिग-एंड बेअरिंगच्या कवचांच्या चारही जोड्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडून ठेवलेल्या. मी एकेक कवच खिडकीशी नेऊन पाहिले. बिग-एंड खरोखर खराब झाले असते तर कवचाचा वरचा करडा थर झिजून खालचा तांबूस रंग उघडा पडला असता, निदान उभे ओरखडे तरी दिसले असते. येथे आठही कवचांवर तो करडा थर एकसारखा, मंद चकाकीचा आणि अखंड होता. मी ती प्रमुखांच्या पुढे धरली. त्यांचे उत्तर मला आजही जसेच्या तसे आठवते: ‘जुनी गाडी आहे, कधी ना कधी हे करावेच लागले असते, आता उघडलेच आहे तर नवी घालून टाकू.’ माझ्या मालमत्तेला माझ्या परवानगीवाचून हात लावल्याबद्दल खेदाचा एक शब्द नाही, निदान चुकले याची कबुली नाही, आणि चूक निघाली तिचाच खर्च मी आनंदाने सोसावा अशी अपेक्षा.

नवी बेअरिंगे बसली, इंजिन जागेवर आले, स्टार्टर ओढला, आणि तोच ठोका, त्याच तालात, त्याच जागी. त्यावरही ‘नवे काम आहे, बसायला वेळ लागेल’ हे सांगण्याचे धारिष्ट या गृहस्थांना झाले.

शेवटी गाडी मी मल्लिक बाजारात नेली. पार्क स्ट्रीट जेथे आचार्य जगदीशचंद्र बोस रस्त्याला मिळते तेथील जुन्या सुट्या भागांची ही बाजारपेठ सर्वश्रुत आहे. तेथे एक वृद्ध मिस्त्री आहेत, ज्यांचे सारे आयुष्य अँबॅसडर टॅक्सींच्या इंजिनांत गेले. अ‍ॅबिंग्डनला बांधलेली एमजीए आणि उत्तरपाड्याला 2014 पर्यंत बनत असलेली अँबॅसडर यांच्यात बाह्यतः काही साम्य नसले तरी 1489 घनसेंमीचे ते बी-सीरीज इंजिन एकाच कुळातले. त्यामुळे या शहरात एमजीएचा ठोका ओळखणारा माणूस शोधायचा तर तो विलायती गाड्यांच्या दिमाखदार गॅरेजात नव्हे, टॅक्सीवाल्यांच्या मिस्त्रीकडे शोधावा, हे मी आता प्रत्येकाला सांगतो. मिस्त्रींनी आवाज ऐकला, इंजिन बंद करविले आणि म्हणाले, ‘बाबू, पहले पट्टा उतारते हैं।’ डायनॅमोचे बोल्ट सैल करून तो आत ढकलला, फॅन-बेल्ट काढून बाजूला ठेवला आणि मला स्टार्टर ओढायला सांगितले.

ठोका नव्हता. त्या अरुंद गल्लीतल्या कोलाहलातही इंजिनाचा तो स्वच्छ, एकसंध स्वर ऐकताच माझ्या मनात प्रथम आनंद आला नाही, संताप आला. कारण ज्या परीक्षेस दोन पाने आणि पाच मिनिटे पुरतात ती न करता माझे संपूर्ण इंजिन उघडले गेले होते. मिस्त्रींनी मग डायनॅमोची पुली हाताने मागेपुढे हलवून दाखवली: आतला दांडा स्थिर, पुली मात्र केसभर फिरून खट् वाजत होती. नट सैल झाला होता, अर्धचंद्राकृती चावी झिजली होती, आणि दांड्याभोवती लालसर तपकिरी भुकटी साचली होती. लोखंडावर लोखंड घासल्याची ती साक्ष बॉनेट उघडणाऱ्या कोणालाही दिसली असती.

हे असे का होते ते समजून घेणे अगत्याचे आहे. आयडलिंगला चार सिलिंडरांचे धक्के वेगवेगळे पोचतात, त्यामुळे सैल पुली चावीवर मागेपुढे आपटते. वेग वाढला की गती सलग होते आणि पुली एका बाजूस दाबून बसते, म्हणून ठोका नाहीसा होतो. शिवाय ब्लॉक ओतीव लोखंडाचा, त्यावर डायनॅमो बोल्टांनी जखडलेला. बाहेरचा आवाज तो खालच्या सम्पपर्यंत सहज पोचवतो. नुसत्या कानावर विसंबून निकाल देणे म्हणूनच अक्षम्य आहे.

तेव्हा प्रथम पट्टा काढून इंजिन चालवावे, पण मिनिटभरच, कारण त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप आणि पंखाही फिरतो. आवाज थांबला तर दोष डायनॅमो, पंप किंवा पंखा यांत. राहिलाच, तर आयडलिंगला एकेका प्लगची तार काढून पाहावी, आणि तार पकडताना जाड रबरी हातमोजा वापरावा. बिग-एंडचा ठोका त्या विशिष्ट सिलिंडरची तार निघताच लक्षणीयरीत्या मवाळतो. टॅपेटचा आवाज क्रँकच्या निम्म्या गतीने येतो, म्हणून तो हलका आणि मंद तालाचा. मॅनिफोल्डच्या गास्केटमधून धूर सुटत असेल तर तशीच टकटक थंडीत जोरात वाजते आणि धातू तापून प्रसरण पावला की कमी होते. पिस्टनची थडथडही गरम झाल्यावर उतरते. लांब लाकडी दांडा कानाला लावून जागा शोधता येते, मात्र सदऱ्याची बाही आणि गळ्यातला मफलर पंख्यापासून दूर ठेवावा. तेलाचा दाब गरम इंजिनावर आयडलिंगला आणि रेसवर, दोन्ही वेळा टिपून ठेवावा. माझ्या कागदावर हा दाब होता, चढाची नोंद होती, रेसला ठोका जातो हेही होते. बिग-एंडच्या निदानाला यांतील एकही गोष्ट पुष्टी देत नव्हती.

गॅरेजशी व्यवहार लेखी करावा. ‘मालकाच्या सहीखेरीज इंजिन उघडू नये’ हे वाक्य कामाच्या पावतीवर त्यांच्याच हस्ताक्षरात लिहवून घ्यावे, आणि बदललेला प्रत्येक भाग परत मागावा. माझी जुनी कवचे ‘कचऱ्यात गेली’ असे मला सांगण्यात आले; ती आज हाती असती तर ग्राहक आयोगापुढे अन्य पुराव्याची गरज पडली नसती. बिलात मजुरी, गास्केट आणि बेअरिंगे यांच्याखेरीज ‘निदान’ या सदराखाली स्वतंत्र रक्कम आहे. ती मी भरलेली नाही, आणि भरणारही नाही.

मिस्त्रींनी नवी चावी पोलादाच्या तुकड्यातून कानशीने घासून बनवली, नटाखाली नवा स्प्रिंग वॉशर घातला आणि चहाला बसायला सांगितले. पुलीची ही हालचाल दर पावसाळ्यापूर्वी, पट्टा सैल करून, हाताने तपासावी असे त्यांनी सांगितले आहे. ज्यांच्याकडे त्या काळातील डायनॅमोची गाडी आहे त्यांनी हे आजच करून पाहावे.