पाया मुरुमापर्यंत

आपल्या यवतमाळकडे बरीच जमीन काळी. कपाशीला चांगली, पण घराला वाईट. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. शेताला भेगा पडतात, तशा भिंतीलाही पडतात. म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खणा. गवंडी म्हणेल, "दोन फूट पुरे, भाऊ." ऐकू नका. मुरूम फारच खोल असेल तर पंचायत समितीच्या इंजिनिअरला विचारा. निघालेली काळी माती शेतात टाका. जोत्यात मुरूमच भरा, पाणी मारून चोपा.

सिमेंटचे पोते 50 किलोचे. तीन महिन्यांहून जुने घेऊ नका. केव्हाचे ते पोत्यावर छापलेले असते. आता वाचता येते ना? मग वाचूनच घ्या.

घरकुलाचे पैसे हप्त्यांनी मिळतात. पहिला हप्ता पायातच घाला. रंगाचे मागून पाहू.