स्वस्त एसएमपीएस बंद पडला तर: काय करावे, काय टाळावे

शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावात ई-सेवा केंद्र, झेरॉक्सचे दुकान, फोटो स्टुडिओ, टायपिंगचा क्लास हा सगळा कारभार बहुधा असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर चालतो. त्यातला सगळ्यात स्वस्त भाग म्हणजे एसएमपीएस, मशीनला वीज पुरवणारा डबा, आणि आधी बंद पडतो तोही तोच. जुलैअखेरीस पीक विम्याचे अर्ज भरायला माणसे दारात उभी असताना मशीन गप्प झाले, की निलंगा किंवा लातूर गाठून नवा डबा आणण्यात दिवस जातो. म्हणून त्याची दुरुस्ती गावातच शिकावी असे मला ठामपणे वाटते. मात्र या डब्यात जीव घेण्याइतकी वीज साठलेली असते, आणि अर्धवट दुरुस्ती मदरबोर्ड व हार्डडिस्क सोबत घेऊन जाते. ज्यांच्या हाताला मल्टिमीटर आणि सोल्डरिंगची सवय नाही त्यांनी पहिल्या भागापाशी थांबावे. तेवढ्यानेही बरेच काम भागते.

डबा उघडण्याआधी

करावे:

- आधी भिंतीवरच्या सॉकेटचे व्होल्टेज मोजा. २३० व्होल्टच्या सहा टक्के इकडे-तिकडे, म्हणजे २१६ ते २४४, ही चांगली वीज. जिथे गावठाण आणि शेती एकाच फीडरवर आहे तिथे रब्बीत मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज बसते आणि कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट होतो. तेव्हा दोष एसएमपीएसचा नसतो.

- मीटर २६० च्या वर दाखवत असेल तर मेन स्विच पाडा आणि वायरमनला कळवा. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटला तर घरात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात.

- डब्याच्या मागे लहान लाल सरकता स्विच असेल तर तो २३० वरच आहे ना, पाहा. साफसफाईत तो ११५ वर सरकला, की आतले सर्किट व्होल्टेज दुप्पट करते. २३० ची वीज आत ३२५ व्होल्ट डीसी होते, तिथे साडेसहाशे तयार होतात. समोर असतात २०० व्होल्टचे दोन कपॅसिटर. ते फुटतात, आणि आवाज शेजारच्या दुकानापर्यंत जातो. स्विच बरोबर लावला की त्यावर टेप चिकटवून टाका.

- पॉवर केबल बदलून पाहा.

- सगळे कनेक्टर काढा आणि २४ पिनच्या प्लगमधली जांभळी वायर आधी मोजा. मागचा स्विच चालू असला की, कॉम्प्युटर बंद असतानाही, तिथे ५ व्होल्ट हवेत: ४.७५ ते ५.२५. ते नसतील तर पुढच्या चाचणीला अर्थ नाही. ते जास्त असतील तर तो डबा बोर्डाला पुन्हा लावायचाच नाही.

- मग हिरवी आणि कुठलीही एक काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडा. पंखा फिरला तर पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७ मध्ये आहे का ते तपासा. राखाडी वायरवर साधारण ५ व्होल्ट यायला हवेत. तो मदरबोर्डाला ‘सगळे ठीक’ असा निरोप असतो. तो आला नाही तर पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो.

- हीच मापे लोड देऊन पुन्हा घ्या. पिवळ्या-काळ्यावर ट्रॅक्टरच्या हेडलाइटचा १२ व्होल्टचा बल्ब आणि लाल-काळ्यावर ४.७ ओहमचा १० वॅट रेझिस्टर एवढे पुरे. बल्ब लावल्याबरोबर १२ चे १० झाले तर कपॅसिटर वाळले आहेत असे धरा. रेझिस्टर तापतो, तो फरशीवर ठेवा.

टाळावे:

- बिनलोडची मापे बरोबर आली म्हणून ‘एसएमपीएस ओके’ असे सांगणे. थकलेला डबाही रिकामा असताना बारा व्होल्ट दाखवतो.

- पंखा झटका मारून थांबत असेल तर बटण दाबत राहणे. कुठेतरी शॉर्ट आहे. एकेक कनेक्टर काढत जा. सगळे काढल्यावर डबा नीट चालला तर दोष बोर्डात किंवा ड्राइव्हमध्ये शोधा.

- संशयित डबा ग्राहकाच्या चांगल्या मदरबोर्डवर लावून ‘बघू तरी’ म्हणणे.

उघडताना

इथे घाई चालत नाही. प्लग काढल्यावरही मोठ्या दोन कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात. ते रिकामे करणारे रेझिस्टर स्वस्त डब्यात कधी तुटलेले असतात, कधी बसवलेलेच नसतात. मृत एसएमपीएसमध्ये वीज खर्च व्हायला वाटच नसते, म्हणून बंद पडलेला डबा चालू डब्यापेक्षा जास्त धोक्याचा.

- प्लग काढा, पाच-दहा मिनिटे थांबा, मग स्क्रू खोला. त्यानंतर २.२ किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी प्रत्येक कपॅसिटरच्या दोन पायांवर काही सेकंद धरा. मीटरने १० व्होल्टच्या खाली आले हे पाहिल्यावरच पीसीबीला हात लावा.

- स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून रिकामे करू नका. ठिणगीने ट्रॅक उडतो आणि हात दचकून दुसरीकडे लागतो.

- पायात रबरी चप्पल, कोरडी जागा, एक हात मागे, आणि खोलीत दुसरे शहाणे माणूस. मेन स्विच कुठे आहे हे त्याला आधीच दाखवून ठेवा. लहान मुले आत नकोत.

- वीज चालू असताना हीटसिंकला बोटही लावू नका. काही डब्यांत ती मेनच्या बाजूला जोडलेली असते.

- प्रायमरी बाजूचे माप घेताना मीटरची काळी पिन पत्र्याला लावू नका. त्या बाजूचा ग्राउंड वेगळा असतो.

आतली दुरुस्ती

करावे:

- आधी नुसते नीट पाहा आणि वास घ्या. फुगलेला कपॅसिटर, करपलेला रेझिस्टर, तडकलेला थर्मिस्टर, पंख्यातून शिरून मेलेली पाल: निम्मे निदान इथेच होते.

- आउटपुटचे कपॅसिटर बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंशांचे आणि लो ईएसआर घ्या. पांढरी पट्टी म्हणजे ऋण बाजू. एक फुगला असेल तर त्या ओळीतले सगळे बदला; त्यांचे वय एकच असते. दहा अंश तापमान वाढले की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पत्र्याखालच्या दुकानात डबा काय सोसतो ते तुम्हाला ठाऊक आहे.

- स्टँडबायचा छोटा कपॅसिटर, मग डबा कुठल्याही कारणाने उघडलेला असो, बदलूनच टाका. या यादीतले एकच काम लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा. जुन्या धाटणीच्या स्वस्त डब्यांत ५ व्होल्ट स्टँडबाय तयार करायला दोन ट्रान्झिस्टरांचे साधे सर्किट असते. ते ताब्यात ठेवतो लहान ट्रान्सफॉर्मरशेजारचा, १० ते ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा बारीक कपॅसिटर. तो तापणाऱ्या भागांना खेटून बसवलेला असतो. वाळतो, पण फुगत नाही, त्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. तो वाळला की जांभळ्या वायरवरचे व्होल्टेज चढू लागते, आणि ती वायर कॉम्प्युटर बंद असतानाही मदरबोर्डाला वीज देत असते. रात्री चांगले बंद केलेले मशीन सकाळी मेलेले सापडते. लोक विजेला दोष देतात, नवा एसएमपीएस लावतात आणि मग बोर्डही गेल्याचे कळते. हा कपॅसिटर पाच-दहा रुपयांत येतो.

- फ्यूज काळा पडून उडाला असेल तर पुढे शॉर्ट आहेच असे धरा. डायोड रेंजवर ब्रिजचे चारही डायोड, मग १३००७ ट्रान्झिस्टरांची जोडी तपासा. एक गेला असला तरी दोन्ही बदला. त्यांच्या बेसजवळचे लहान डायोड, रेझिस्टर आणि १ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर पाहिल्याशिवाय नवे ट्रान्झिस्टर बसवाल तर तेही क्षणात जातील. खालचा अभ्रकाचा किंवा रबरी पॅड आणि स्क्रूचा प्लास्टिक बुश परत जागेवर गेला का, तेही पाहा.

- पहिली वीज नेहमी सीरिज बोर्डातून द्या: ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब, एलईडी चालत नाही. बल्ब एकदा चमकून मंद झाला तर ठीक. पूर्ण उजेडाने पेटून राहिला तर शॉर्ट अजून आहे, आणि तुमचे नवे ट्रान्झिस्टर वाचले.

टाळावे:

- फ्यूजवर तांब्याची तार बांधणे. गावात ही सवय घट्ट आहे. तार बांधली की पुढच्या शॉर्टला पीसीबी पेटते.

- जुन्या टीव्हीच्या बोर्डातले कपॅसिटर काढून लावणे. हैदराबादला कोटीच्या गुजराती गल्लीत, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला कोणी जाणार असेल तर १०००/१६, २२००/१६, १०/५० आणि ४७/५० चे नवे कपॅसिटर, १३००७ च्या जोड्या, ५ अँपिअरचे फ्यूज घाऊक मागवून ठेवा.

- पंख्यात खोबरेल तेल घालणे. ते चिकट होते. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब घाला, आणि एवढे करूनही पंखा अडखळला तर नवा लावा.

परत लावल्यावर

- बल्बच्या लोडवर तासभर चालवा, मग बोर्डाला जोडा.

- केसला हात लावला की झिणझिण्या येतात? आतले दोन लहान कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून पत्र्याकडे जातात. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मे व्होल्टेज उभे राहते. इलाज अर्थिंगच. खुर्चीखाली रबर टाकून किंवा तिसरी पिन तोडून भागत नाही, आणि सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थ जोडणे तर जिवावर बेतते: न्यूट्रल तुटला की सगळा पत्रा फेज होतो.

- आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. घरातले वापरलेले पाणी रोज थोडे तिथे ओता. पाणीटंचाईतही एवढे जमते.

- लाइट गेली की स्विच पाडा. आल्यावर दोन-चार मिनिटांनी लावा. वळवाच्या पावसात वीज कडाडू लागली की प्लगसोबत नेटची केबलही काढा.

- सोयाबीनची मळणी उरकली की डबा ब्लोअरने साफ करा, पंखा धरून. केसमागच्या रिकाम्या फटी बंद करा, पाली तिथूनच येतात.

कधी सोडून द्यावे

- पीसीबी कोळसा झाली असेल, मुख्य ट्रान्सफॉर्मर जळाला असेल किंवा जांभळ्या वायरचे व्होल्टेज सुधारूनही स्थिर राहत नसेल, तर सोडा. जिथे फिल्टरची कॉइल हवी तिथे नुसत्या तारा टाकलेल्या दिसल्या तर त्या डब्यावर मेहनत घेऊ नका.

- दुरुस्त केलेला डबा साध्या ऑफिस कामाच्या मशीनला द्या, ग्राफिक्स कार्ड असलेल्याला नको.

- नवा घेताना ‘४५० वॅट’ या मोठ्या अक्षरांवर जाऊ नका. लेबलवर १२ व्होल्टसमोरचे अँपिअर वाचा आणि १२ ने गुणा. १० अँपिअर लिहिले असतील तर त्या वायरवर १२० वॅटच मिळणार. आयएस १३२५२ आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही पाहा.

- भंगारात देण्याआधी मोठे कपॅसिटर रिकामे करा. पंखा, हीटसिंक, कनेक्टर आणि चांगल्या वायरी काढून ठेवा. तांब्यासाठी वायरी जाळू नका, तो धूर विषारी असतो.