हद्दीच्या दगडाला विचारून बघ

सांगली

चि. सोनी,

काल फोनवर तू म्हणालीस, "मामा, इस्रोच्या भुवनची लिंक जोडली, नकाशा आला, आता त्यावरच रस्ता आखते." नकाशा आला याचा आनंद झाला. पण 'त्यावरच' या शब्दाने रात्री झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

ती लिंक डब्ल्यूएमएस या नकाशासेवेची. तिच्यातून येतं ते चित्र. तू पडदा सरकवलास की सर्व्हर तेवढ्या चौकटीचं नवं चित्र काढून पाठवतो. त्यात गटाची हद्द दिसली, तरी ती रेघ तुझ्या हाती येत नाही. रेघच हवी असेल, तर ती सेवा डब्ल्यूएफएस देते का ते बघ.

आता खरी गोष्ट. बरीच वर्षं झाली, मी असंच एका पडद्यावरच्या चित्रावरून तीन किलोमीटरचा रस्ता आखला. भूमी अभिलेखातून निवृत्त झालेले एक भूकरमापक सोबत होते. त्यांनी जागेवर मोजलं आणि म्हणाले, "साहेब, तुमचा रस्ता जवळजवळ १४० मीटर जास्त लांब आहे." चूक माझीच होती. वेबवरचे बहुतेक नकाशे ३८५७ या क्रमांकाच्या प्रक्षेपात असतात. विषुववृत्तापासून दूर जावं तसं त्यात अंतर फुगतं. आपल्या सांगलीत हजार मीटरचे १०४५ ते १०५० होतात. क्यूजीआयएसची मोजपट्टी हे सांभाळून घेते, कॅडमधली साधी रेघ घेत नाही. भूसंपादनाच्या तक्त्यात हा फुगवटा गेला, तर कुणाच्या तरी बागायतीचे गुंठे चुकतात. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, आणि शेतकऱ्याला तो पाठ असतो.

म्हणून आराखडा उघडताच त्याला ३२६४३ हा प्रक्षेपाचा क्रमांक दे, म्हणजे यूटीएमचा ४३ वा पट्टा. ७२ ते ७८ रेखांशांमधला हा पट्टा सातारा आणि सांगली दोन्हींना पुरतो. सांगली त्याच्या मधल्या ७५ रेखांशाजवळ आहे. तिथे हजार मीटरला चाळीसेक सेंटिमीटर कमी भरतात. तेही लिहून ठेव, मोठ्या पुलाच्या कामात लागतं. सेवेच्या यादीत ३२६४३ नसेल, तर चित्र क्यूजीआयएसमध्ये रूपांतरित करून मगच कॅडमध्ये ने.

नकाशा कोराच दिसला तर घाबरू नकोस. ४३२६, म्हणजे साधे अक्षांश-रेखांश मागताना डब्ल्यूएमएसच्या १.३.० आवृत्तीत अक्षांश आधी येतो, १.१.१ मध्ये रेखांश. क्रम उलटला की सांगली नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडते. आवृत्ती बदलून बघ.

घाटात आणखी सावध राहा. साताऱ्याकडच्या यवतेश्वराच्या चढावर उपग्रहाच्या चित्रातलं वळण उंचसखलपणामुळे सरकलेलं असू शकतं. तिथे चित्रावर विसंबू नकोस, टोटल स्टेशन लाव.

पातळीचं तर विचारूच नकोस. चित्रात पातळी नसते. आपल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी ४५ फुटांना धोका म्हणतात, तो आकडा पुलाजवळच्या मापनपट्टीचा, समुद्रसपाटीपासूनचा नव्हे. जीपीएसची कच्ची उंची आणि समुद्रसपाटीची उंची यांत आपल्याकडे ६० मीटरांहून जास्त फरक पडतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा कुठल्या घराचा उंबरा बुडाला आणि कुठला वाचला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. तुझ्या रस्त्याखालच्या मोरीची पातळी दोन हात चुकली, तर वाचलेल्या घरातही पाणी शिरेल. बेंचमार्कवरून लेव्हल आणल्याशिवाय मोरी काढू नकोस.

जोडणी बरोबर झाली की नाही हे संगणक सांगणार नाही. लांब लांबच्या तीन पक्क्या खुणा धर: १९२९ च्या आयर्विन पुलाचं टोक, रेल्वेचं फाटक, एक हद्दीचा दगड. तिथे जाऊन सहनिर्देशक घे आणि चित्राशी ताडून बघ.

पहिला आराखडा छापण्याआधी त्या तीन खुणांचे आकडे मला पाठव. मी वाट बघतो.

तुझा,
मामा