परसातील गवती चहा

आपल्याकडील पुष्कळ घरांच्या परसात, न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर, गवती चहाचे एखादे तरी बेट दिसते. कोकणात त्यालाच पातीचा चहा म्हणतात. एकदा लावला की त्याकडे पुन्हा पाहावे लागत नाही, अशी सर्वत्र समजूत आहे व ती निम्मी खरी आहे. हे गवत अनेक वर्षे टिकते, उन्हाळ्यातील पाण्याचा ताण बऱ्यापैकी सोसते, आणि उग्र वासामुळे जनावरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. परंतु तीन-चार वर्षांनी बेट मधोमध वाळू लागते, पाती आखूड व राठ होतात, आणि जमीन बाधली असे समजून घरची मंडळी ते उपटून टाकतात. वस्तुतः दोष जमिनीचा नसतो. नवे फुटवे नेहमी जुन्या खोडाच्या बाहेरच्या अंगास येतात. मधली खोडे म्हातारी होऊन मरतात, आणि बेट दरवर्षी थोडे वर उचलले जाऊन मुळे उघडी पडतात.

यावर उपाय सोपा आहे. मृगाचा पाऊस होऊन जमीन चांगली ओली झाली म्हणजे सबंध बेट कुदळीने खणून काढावे. मधला वाळका भाग टाकून द्यावा. बाहेरचे ताजे, मुळ्या असलेले फुटवे अलग करावेत, त्यांची पाती वीतभर ठेवून छाटावीत व लांब मुळ्या आखडाव्यात. एका जागी दोन-तीन फुटवे, दोन-दोन फुटांवर लावावेत. फुटवा दोन-तीन इंचांहून खोल जाऊ देऊ नये. खोल लावलेला फुटवा संततधार पावसात कुजतो. आपल्याकडील या गवतास सहसा तुरा येत नाही व बी धरत नाही, म्हणून लागवड फुटव्यांनीच करावयाची. शेजाऱ्याकडून फुटवे आणताना एक पाते चुरगाळून हुंगावे. लिंबासारखा स्वच्छ वास आला तरच ते आपल्या कामाचे. रोशा गवत व सिट्रोनेला ही याच्याच कुळातील भावंडे आहेत. त्यांचा वास निराळा असून ती चहात घालण्याची नव्हेत.

जागेविषयी थोडे अधिक सांगणे जरूर आहे. न्हाणीचे पाणी या गवतास मानवते, पण डबक्यात त्याचे मूळ टिकत नाही. पाण्याचा पाट काढून त्याच्या दोन्ही कडांवर ठोंबे लावावीत, प्रत्यक्ष पाटात लावू नयेत. धुण्याच्या सोड्याचे पाणी रोज एकाच ठिकाणी सोडल्यास माती घट्ट होते व तिच्यावर पांढुरकी खार चढते. म्हणून दोन पाट ठेवून पाणी आलटून पालटून सोडावे. पावसाळ्याच्या आरंभी प्रत्येक बेटास पाटीभर कुजलेले शेणखत व मातीची भर दिली की वर्षाचे खत झाले.

लावणीनंतर सुमारे चार महिन्यांनी पहिली कापणी करावी व पुढे दर दोन-तीन महिन्यांनी. विळ्याने जमिनीपासून चार ते सहा इंच राखून कापावे. चहापुरती दोन पाती ओढून तोडण्याची सवय मात्र वाईट; तीत फुटवा मुळासकट हलतो आणि पात्याच्या धारेने बोटही कापते. कापलेली पाती सावलीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत. उन्हात वाळविल्यास वासाचे तेल उडून जाते व हाती केवळ गवत राहते.

या गवताने डास पळतात असे म्हणतात. डासांना नकोसे वाटते ते पात्यांतून काढलेले तेल. नुसत्या उभ्या बेटाचा तसा प्रभाव पडत नाही. बेटामुळे खरा लाभ होतो तो असा की, न्हाणीचे पाणी साचत नाही, जिरते. साप येत नाही ही समजूत तर घातक आहे. न कापलेल्या दाट बेटात उंदीर घरे करतात आणि उंदरांमागून साप येतो. म्हणून बुंध्याशी वाळका पाचोळा साठू देऊ नये, आणि कापण्यापूर्वी काठीने बेट हलवून पाहावे.

तापावर गवती चहाचा काढा देण्याची रीत घरोघर आहे. त्याने घाम येतो व बरे वाटते, पण हिवताप त्याने जात नाही. थंडी वाजून ताप आल्यास काढा पाजीत दिवस घालवू नयेत; रक्त तपासून घ्यावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी लागवड सांगताना हेही आवर्जून सांगावे.

एका कुटुंबास पाच-सहा बेटे पुरेशी होतात. तेलासाठी एकरभर लावावे काय, अशी विचारणा काही शेतकरी करतात. शंभर किलो ताज्या पाल्यातून साधारणपणे दोनशे ते चारशे ग्रॅम तेल निघते, आणि त्यासाठी ऊर्ध्वपातनाची भट्टी जवळ असावी लागते. दूरवर पाला वाहून नेण्याचा खर्च तेलाच्या किमतीत निघणे कठीण. तेव्हा भट्टी कोठे आहे, तेथे पाला कोणत्या दराने घेतात, आणि तेलासाठी कोणती जात मागतात हे समक्ष जाऊन पाहावे व मगच फुटव्यांची तजवीज करावी. घरच्या बेटाचे फुटवे तेथे चालतीलच असे धरून चालू नये.